नाताळचं झाड, संग्रहालय आणि तीन मिलिमीटरचा भुंगेरा

पांढरी चादर जमिनीवर अंथरायची, नुकतंच तोडून आणलेलं नाताळचं झाड तिच्यावर आडवं धरायचं आणि एकेक फांदी हातात घेऊन जोरात झटकायची. आधी वाळक्या सुया पडतात, मग सालीचा भुगा, जुन्या जाळ्याचे तुकडे, एखादा कोळी. लगेच चादर आवरायची नाही. मिनिट-दोन मिनिटं थांबून टॉर्चचा उजेड तिरका पाडला, की त्या कचऱ्यातले काही काळे ठिपके चालायला लागलेले दिसतात. मिरीच्या दाण्याहून लहान, लांब पायांचे. हा सूचिपर्णी झाडांवरचा मावा. त्यातला एखादा बोटाखाली चिरडला, तर कापडावर लालसर-जांभळा डाग उमटतो.

घरात असं झालं तर चादर धुवायला टाकायची आणि विसरून जायचं. पण चादरीच्या जागी दोनशे वर्षांपूर्वी विणलेला गालिचा असेल आणि आजूबाजूला पेंढा भरलेले पक्षी, लोकरी पोशाख, चामड्याच्या बांधणीची पुस्तकं असतील, तर हेच झाड आत आणण्याआधी चार वेळा विचार करावा लागतो. बहुतेकांना धोका वाटतो तो या चालणाऱ्या ठिपक्यांचा. खरा धोका मात्र वेगळ्याच वाटेनं येतो.

झाडात कोण कोण राहत असतं

फर, स्प्रूस, पाइन या जातींचं झाड तोडलं जातं तेव्हा ते रिकामं नसतं. त्याच्या सालीत, सुयांच्या बेचक्यात, फांद्यांच्या सांध्यात अनेक जीव थंडीची सुप्तावस्था काढत असतात. कीटकांच्या शरीराला स्वतःची ऊब नसते. बाहेर कडाक्याची थंडी असली की अंडी, कोष, कधी प्रौढ किडे तसेच निपचित पडून राहतात आणि हवा तापायची वाट बघतात. असं झाड १८ ते २२ अंश सेल्सियसच्या दालनात आणलं, की काही दिवसांतच त्यांच्या दृष्टीनं वसंत ऋतू सुरू होतो. मावा लवकर जागा होतो. काही अंडी फुटायला आठवडे लागतात.

मावा तर झाला. त्याखेरीज सुयांमधला रस शोषणारी, जेमतेम डोळ्यांना दिसणारी कोळीकीड असते. सुयांना चिकटून बसणारी खवलेकीड असते. ती मेलेल्या पांढऱ्या ठिपक्यांसारखी दिसते, म्हणून कुणाचं लक्ष जात नाही. सालीवरची बुरशी खाणारे फिकट, मऊ अंगाचे सालकिडे असतात. खोडातून बारीक भुसा गळत असेल, तर आत खोडकिडा आहे असं समजावं. आणि कधीकधी फांदीला एक भुरकट, वाळलेल्या फेसासारखी दिसणारी, अक्रोडाएवढी गाठ असते. ती प्रार्थना कीटकाची अंड्यांची पिशवी. तिच्यात शंभर-दोनशे किंवा त्याहूनही जास्त अंडी असू शकतात. उबेत काही आठवडे राहिली, की त्यातून तितकीच धाग्याएवढी पिल्लं बाहेर पडतात. खायला काही न मिळाल्यानं ती एकमेकांना खातात आणि उरलेली उपाशी मरतात. अशी गाठ दिसली तर तेवढी फांदी कापून बाहेरच्या झुडपावर अडकवून ठेवावी. त्या जिवांचाही जीव वाचतो आणि आपलाही ताप टळतो.

या सगळ्या मंडळींपैकी जवळजवळ कुणालाच लोकर, कागद, रेशीम किंवा कोरडं लाकूड खायचं नसतं. माव्याला जिवंत झाडाचा ताजा रस लागतो. कोळ्याला जिवंत भक्ष्य लागतं. सालीखालच्या किड्याला ओली साल लागते, तो उठून शेजारच्या जुन्या कपाटात शिरत नाही. तापवलेल्या कोरड्या हवेत हे सगळे थोड्याच दिवसांत सुकून मरतात. म्हणूनच घरी झाड आणणाऱ्यांना ‘घाबरू नका, झाडून टाका’ असा सल्ला दिला जातो, आणि घरापुरता तो बरोबरच आहे.

संग्रहालयात गोष्ट संपते ती इथे नाही. ते मरतात, आणि त्यांची प्रेतं तिथेच राहतात.

प्रेतांवर जगणारा भुंगेरा

संग्रहालयात काम करणाऱ्यांना ज्याची मनापासून धास्ती वाटते तो कीटक फारच लहान आहे. दोन ते साडेतीन मिलिमीटर लांब, गोलसर, पाठीवर पांढरे, पिवळे आणि तपकिरी खवले. जमिनीवर पडला तर मातीचा कण वाटावा. इंग्रजीत याला कार्पेट बीटल म्हणतात. ज्या प्रजातीत (जीनसमध्ये) तो येतो तिचं नाव अँथ्रिनस. याच प्रजातीतल्या एका जातीला सजीवांना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसनं अठराव्या शतकात ‘म्युझिओरम’ असं नाव दिलं. त्याचा अर्थच मुळी ‘संग्रहालयांचा’. तेव्हापासून, खरं तर त्याच्याही आधीपासून, ही लढाई चालू आहे.

प्रौढ भुंगेरा वस्तू खात नाही. तो फुलांतले परागकण खातो. नासधूस करते ती त्याची अळी. चार-पाच मिलिमीटरची, तपकिरी पट्ट्यांची, अंगभर केस असलेली. भिंगाखाली पाहिली तर शेपटीकडे केसांचे झुपके दिसतात आणि काडीनं डिवचलं की ती ते पंख्यासारखे फुलवते. या अळीला केरॅटिन पचवता येतं, म्हणजे लोकर, पिसं, केस, शिंग. रेशीमही ती सोडत नाही. आणि मेलेले किडे तर तिला फारच आवडतात. टाचणीला लावून जतन केलेल्या फुलपाखरांच्या पेट्या या अळ्यांनी आतल्या आत पोखरून टाकल्याची उदाहरणं जगभर आहेत. पेटीत टाचणी उभी असते, नावाची चिठ्ठी असते, आणि फुलपाखराच्या जागी चिमूटभर तपकिरी पूड असते.

आता साखळी जोडून बघा. झाडातला मावा जागा होतो, दोन-चार दिवस हिंडतो, मरतो आणि खाली पडतो. खाली काय असतं? जुन्या वास्तूतल्या लाकडी जमिनीच्या फटी, भिंतीलगतच्या पट्टीमागची पोकळी, शोकेसच्या तळाखालची झाडू न पोहोचणारी जागा. तिथे आधीपासूनच दोन-चार अळ्या असतात. जवळपास प्रत्येक जुन्या इमारतीत त्या असतातच. पण खायला फारसं काही नसल्यामुळे त्यांची संख्या वाढत नाही. त्यांच्या पुढ्यात अचानक शेकडो मेलेले किडे येऊन पडतात. हीच गोष्ट खिडकीच्या कठड्यावर साचलेल्या मेलेल्या माश्यांमुळे होते, पोटमाळ्यावर थंडी काढायला येऊन मेलेल्या ठिपक्यांच्या लेडीबर्ड भुंगेऱ्यांमुळे होते. झाडामुळे तेच घडतं, फक्त थेट दालनाच्या मधोमध. या अळीला वाढायला बरेच महिने लागतात, बऱ्याचदा पूर्ण वर्ष. म्हणजे डिसेंबरातल्या मेजवानीचा परिणाम दिसेपर्यंत झाड होतं हे कुणाच्या लक्षातही उरत नाही. मग लोक विचारतात, ही कीड आली कुठून?

नुकसान किती होऊ शकतं? ऑक्सफर्डमध्ये एकेकाळी डोडो पक्ष्याचा एक आख्खा नमुना होता. तो इतका खराब झाला की १७५५ च्या सुमारास काढून टाकावा लागला आणि डोकं व एक पाऊल एवढंच वाचलं. डोडो ही जात तोवर जगातून नाहीशी झालेली होती. त्या पक्ष्याचा हाडांखेरीज त्वचेसकट टिकलेला भाग आज जगात तेवढाच. त्या नमुन्याची ती गत नाताळच्या झाडामुळे झाली नाही, हे उघडच आहे. पण किडीनं आणि कुजण्यानं गेलेली वस्तू दुरुस्त करता येत नाही, हे त्याच्याइतकं स्पष्ट दुसरं काही सांगत नाही. चिरलेलं चित्र सांधता येतं, फुटलेलं भांडं जोडता येतं. अळीच्या पोटात गेलेलं पीस परत येत नाही.

झाडापेक्षा सजावट जास्त घातक

हे माझं स्पष्ट मत आहे, आणि मला वाटतं कीटकांशी रोज झगडणारे बरेच जण ते मान्य करतील. हिरव्यागार झाडावर सगळ्यांचं लक्ष असतं. त्याच्यावर काय टांगलंय याकडे कुणी बघत नाही.

संत्र्याच्या वाळवलेल्या चकत्या, दालचिनीच्या जुड्या, लवंगा टोचलेली फळं, दोऱ्यात ओवलेले पॉपकॉर्न, मिठाच्या कणकेच्या बाहुल्या, आल्याच्या बिस्किटांची घरं, गव्हाच्या ओंब्या, पेंढ्याच्या चांदण्या, वाळलेली फुलं. दिसायला सुरेख, हातानं केलेलं, जुन्या काळाला शोभणारं. पण यातली बहुतेक प्रत्येक गोष्ट हे साठवणीच्या धान्यातल्या किडींचं अन्न आहे. त्यातल्या दोन किडींची नावं ध्यानात ठेवावीत: बिस्किट बीटल आणि सिगारेट बीटल. दोन्ही दोन-तीन मिलिमीटरचे, तांबूस तपकिरी, पाठीला कुबड असल्यासारखे. मसाले, बिस्किटं, वाळलेली वनस्पती यांवर ते आरामात जगतात. मिरची-तंबाखूसारखे तिखट, उग्र पदार्थही त्यांना वर्ज्य नाहीत.

आणि या दोघांना दालचिनी व पुस्तकाची बांधणी यांत फारसा फरक वाटत नाही. जुन्या पुस्तकांच्या बांधणीत पिठाची खळ असते. वनस्पतींचे नमुने कागदावर चिकटवून ठेवलेले असतात. कागदाच्या लगद्याचे मुखवटे असतात. मावा गालिच्यावर चढला तर चुकून चढतो. बिस्किट बीटल पुस्तकात शिरतो तो खायला आणि अंडी घालायला. पुस्तकाच्या पाठीवर टाचणीच्या डोक्याएवढं अगदी गोल भोक आणि खाली पिठासारखी पूड दिसली, तर तो बाहेर पडलेला आहे. आत किती पानं फिरून आला ते पुस्तक उघडल्यावरच कळतं.

लोकरीच्या आणि नमद्याच्या बाहुल्या, खऱ्या पिसांचे पक्षी यांचाही विचार याच रांगेत व्हायला हवा. ते कपड्यांच्या पतंगाचं, म्हणजे कसर लावणाऱ्या पतंगाचं खाणं आहे. हा पतंग उजेडाकडे झेपावत नाही, उलट उजेड पडला की घड्यांमध्ये पळतो. त्यामुळे दिव्यांनी लखलखणाऱ्या झाडावर तो कधी दिसत नाही. तो खोक्यात असतो, सजावट वर्षभर ज्यात गुंडाळून ठेवलेली असते त्या खोक्यात.

सुकी सजावट अजिबात नको, असं मात्र म्हणता येत नाही. अमेरिकेतल्या डेलावेअर राज्यातलं विंटरथर संग्रहालय दरवर्षी नाताळात वाळवलेल्या फुलांनी सजवलेलं झाड मांडतं आणि ते बघायला लोक आवर्जून जातात. सुक्या सजावटीचा एक मोठा फायदा असा, की ती आत आणण्याआधी गोठवता येते. पाइनची बोंडं, पेंढा, सुकी फुलं, कापडी बाहुल्या पॉलिथिनच्या पिशवीत हवाबंद करून उणे ३० अंशांवर तीन दिवस किंवा उणे १८ अंशांवर दोन आठवडे ठेवली, की अंड्यांसकट कीड मरते. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही. ती खोलीच्या तापमानाला येईपर्यंत, साधारण दिवसभर, बंदच ठेवायची, नाहीतर थंड वस्तूवर दव जमतं. जिवंत झाडाला असं गोठवता येत नाही. एवढा मोठा फ्रीझर कुठे असणार, आणि झाडाच्या सुयाही टिकणार नाहीत.

पाणी आणि माती

तोडलेलं झाड ताजं राहायला पाणी पितं. जाड खोडाचं मोठं झाड पहिल्या दिवशी चार-पाच लिटर पाणी सहज ओढू शकतं. ते पाणी सुयांमधून हवेत जातं. मोठ्या दिवाणखान्यात फरक जाणवणार नाही. लहान, बंद खोलीत मात्र झाडाच्या आसपासची आर्द्रता वाढते. त्यात पाण्याचं भांडं कधी ना कधी सांडतं. लाकडी जमिनीखाली मुरलेला ओलावा कुणाला दिसत नाही. तिथे बुरशी धरते आणि बुरशीमागोमाग बुक लाइस येतात. मिलिमीटर-दीड मिलिमीटरचे, रंग नसल्यासारखे हे किडे पुस्तकांवरची, कागदांवरची सूक्ष्म बुरशी खरडून खातात. कोरड्या हवेत ते तगत नाहीत. त्यांना लागतो तो ओलावा आपणच भांडं भरून आणून ठेवलेला असतो.

मुळांसकट कुंडीतलं झाड आणलं तर पर्यावरणाचा विचार केल्याचं समाधान मिळतं, पण संग्रहालयापुरतं बोलायचं तर हा पर्याय सगळ्यात वाईट. मातीत काय आहे ते झटकून बघता येत नाही. ओल्या मातीवर घोंघावणारी बारीक चिलटं, उड्या मारणारे स्प्रिंगटेल, मुंग्या, गोगलगायी, सगळं त्या गोळ्यात असतं. शिवाय झाडाची स्वतःची सुप्तावस्था मोडू नये म्हणून ते आठवडा-दहा दिवसांपेक्षा जास्त आत ठेवू नये, असं सांगितलं जातं. दालनातली मांडणी एवढ्या कमी दिवसांसाठी क्वचितच असते.

सापळ्यांवरची नजर चुकते

आजची संग्रहालयं किडीशी लढतात ती औषध फवारून नव्हे, लक्ष ठेवून. या पद्धतीला एकात्मिक कीड व्यवस्थापन म्हणतात. नाव जड आहे, काम साधं आहे. भिंतींच्या कडेनं, दारांजवळ, कपाटांखाली पुठ्ठ्याचे चिकट सापळे ठेवायचे. त्यांच्यात आमिष असलंच पाहिजे असं नाही. किडे कडेकडेनं चालतात आणि आपसूक अडकतात. ठरलेल्या दिवशी प्रत्येक सापळा उचलून, भिंगानं बघून, कोणती जात किती ते लिहून ठेवायचं. महिनोन् महिन्यांच्या नोंदींवरून कळतं की अमुक खोलीत अळ्या वाढतायत, तमुक दाराखालून काहीतरी येतंय.

झाड आलं की या नोंदींत गोंधळ सुरू होतो. एका आठवड्यात सापळा मावा, कोळी आणि सालकिड्यांनी भरून जातो. त्या ढिगात अँथ्रिनसची एक अळी असली तर ती हुडकणं फार कठीण. दुसरी अडचण जास्त गंभीर आहे. भरलेला सापळा म्हणजे मेलेल्या किड्यांनी भरलेलं ताटच. तो वेळेवर बदलला नाही तर अळ्या त्याच्याकडेच खायला येतात. कीड पकडायला ठेवलेला सापळा तिला पोसू लागतो.

आणि तो वेळेवर बदलला जात नाही, कारण नाताळ म्हणजे सुट्ट्या. नेमक्या त्याच आठवड्यांत माणसं कमी असतात, संध्याकाळचे कार्यक्रम असतात, खाणंपिणं दालनापर्यंत आलेलं असतं, दारं सतत उघडी राहतात, गालिच्यावर केकचा चुरा सांडतो, उंदरांना ऊब आणि अन्न दोन्ही हवं असतं. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, अशी गत होते. झाड एकटं असतं तर त्याचा धोका मर्यादित राहिला असता. ते येतं ते या सगळ्या गडबडीबरोबर.

फवारणी नको

झाडावर किडे दिसले की कुणीतरी स्प्रेचा डबा आणतंच. हे करू नये. डब्यातल्या कीटकनाशकात ज्वलनशील पदार्थ असतात. वाळत चाललेलं राळेचं झाड आणि त्यावर विजेचे दिवे, अशा ठिकाणी ते फवारणं म्हणजे आगीला आमंत्रण. शिवाय फवाऱ्याचे तुषार हवेतून जवळच्या चित्रावर, धातूवर, कापडावर बसतात आणि डाग पाडतात. ज्यांना मारायचं ते किडे तर चार दिवसांत आपोआप मरणारच होते. रोगापेक्षा इलाज भयंकर ठरतो तो असा. किडे दिसले तर मऊ ब्रश लावलेला व्हॅक्यूम क्लीनर घ्यावा, ओढून घ्यावेत, आणि त्यातली पिशवी त्याच दिवशी इमारतीबाहेर टाकावी. ती पिशवी कोपऱ्यातल्या कपाटात महिनाभर राहिली तर केलेलं सगळं वाया जातं.

खोटं झाड आणलं की सुटलो?

नाही, किमान तपासल्याशिवाय नाही. प्लास्टिकच्या झाडात मावा नसतो, चीक नसतो, पाणी लागत नाही. हे सगळं खरं, आणि वस्तूंनी भरलेल्या दालनासाठी मी तरी तेच सुचवेन. पण ते झाड वर्षातले अकरा महिने असतं कुठे? तळघरात नाहीतर पोटमाळ्यावर, पुठ्ठ्याच्या खोक्यात. पुठ्ठा म्हणजे सिल्व्हरफिश या चंदेरी, बिनपंखी किड्याचं घर आणि जेवण दोन्ही. यातली लांब शेपटीची करडी जात गेल्या काही वर्षांत युरोपातल्या संग्रहालयांची मोठी डोकेदुखी झाली आहे, आणि ती पसरते त्यात पुठ्ठ्याच्या खोक्यांचा वाटा मोठा आहे. खोक्यात उंदरानं घरटं केलेलं असू शकतं. कोळ्यांनी जाळ्यात टांगून ठेवलेल्या माश्यांवर अळ्या पोसलेल्या असू शकतात. म्हणून खोटं झाडही बाहेरच उघडायचं, फांदी-फांदी झाडायची, आणि पुढच्या वर्षासाठी पुठ्ठ्याऐवजी घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या पेटीत ठेवायचं.

तरीही खरं झाड हवं असेल तर

असं वाटण्यात काही गैर नाही. ज्या जुन्या वाड्या-महालांची संग्रहालयं झाली आहेत, तिथे तर त्याला इतिहासाचा आधार आहे. १८०० साली राणी शार्लटनं विंडसरला नाताळसाठी यू जातीचं झाड सजवलं होतं. १८४८ मध्ये राणी व्हिक्टोरिया, प्रिन्स अल्बर्ट आणि त्यांच्या मुलांचं सजवलेल्या झाडाभोवतीचं चित्र लंडनच्या सचित्र साप्ताहिकात छापून आलं आणि ही प्रथा घराघरांत पोहोचली. त्या काळाचं घर दाखवताना झाड दाखवावंसं वाटणारच. अमेरिकेच्या व्हाइट हाउसला १९८८ पासून संग्रहालय म्हणून अधिकृत मान्यता आहे, आणि तिथल्या ब्लू रूममध्ये दरवर्षी छताला टेकणारं खरं झाड उभं राहतं. त्यासाठी झुंबरसुद्धा उतरवून ठेवतात. म्हणजे हे अशक्य नाही. फक्त कोण जबाबदार, कुठे ठेवायचं आणि किती दिवस, हे झाड आणण्याआधी ठरलेलं असलं पाहिजे.

कुठे ठेवायचं, हा यातला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न. सर्वांत चांगली जागा इमारतीबाहेरची. लंडनच्या ट्रफाल्गर चौकात १९४७ पासून नॉर्वेहून आलेलं स्प्रूस उघड्यावरच उभं राहतं आणि त्याची शोभा त्यामुळे कमी होत नाही. आतच हवं असेल तर प्रवेशद्वाराजवळचा दगडी किंवा फरशीचा भाग, जिथे गालिचा नाही, मूळ वस्तू नाहीत आणि खालची जमीन पुसता येते. कापडं, पिसं, लोकर, प्राण्यांचे नमुने, ग्रंथालय यांच्या जवळपासही नको. उघड्यावर मांडलेल्या वस्तूंच्या दालनापेक्षा बंद शोकेसचं दालन बरं. गरम हवेच्या झरोक्याजवळ ठेवलं तर झाड लवकर वाळतं, सुया गळतात आणि आगीचा धोका वाढतो.

आत आणण्याआधी सुरुवातीला सांगितलेला चादरीचा प्रयोग करायचा. त्यासाठी झाड दोन-तीन दिवस दालनापासून लांब, जरा उबदार छपरात किंवा गॅरेजमध्ये ठेवलं तर सुप्त किडे हलायला लागतात आणि झटकल्यावर खाली येतात. कडक थंडीत उभं असलेलं झाड झटकलं तर चादर स्वच्छ दिसते आणि उगाच खात्री वाटते. खोडाला भोकं, भुसा, फांदीवर बदामी रंगाची लव असलेली चकती दिसली तर ते झाड परत करायचं. त्या चकतीत स्पॉन्जी मॉथ या पतंगाची शेकडो अंडी असतात.

झाडाबरोबर सापळेही वाढवायचे. झाडाच्या बुंध्याभोवती दोन-चार आणि दालनाच्या दारापाशी दोन. दर आठवड्याला बदलायचे आणि त्यांची नोंद वेगळ्या वहीत ठेवायची, म्हणजे नेहमीच्या आकड्यांत ती मिसळणार नाही. सुट्टीच्या आठवड्यात हे काम कोण करणार, त्याचं नाव आधीच लिहून ठेवायचं. झाड दहा-बारा दिवसांपेक्षा जास्त ठेवायचं नाही. अंडी फुटायला लागण्याआधी ते बाहेर गेलं तर निम्मी चिंता मिटते.

बाहेर नेतानाही घाई नको. वाळलेलं झाड दालनातून ओढत नेलं तर मागे सुयांचा आणि मेलेल्या किड्यांचा माग राहतो. जागेवरच मोठ्या पिशवीत गुंडाळून न्यावं. आणि बागेच्या कोपऱ्यात फेकून देऊ नये. १९९२ मध्ये अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, क्लीव्हलँडजवळच्या नाताळच्या झाडांच्या मळ्यातच पाइनचे कोंब पोखरणारा एक परदेशी भुंगेरा सापडला होता. २०१८ मध्ये विस्कॉन्सिन राज्यात बाहेरून विक्रीला आलेल्या नाताळच्या हिरव्या सजावटीवर हेमलॉक या सूचिपर्णी झाडाला लागणारी एक खवलेकीड आढळली. दालनात निरुपद्रवी ठरलेला किडा संग्रहालयाच्या बागेतल्या जुन्या सूचिपर्णी झाडांसाठी निरुपद्रवी असेलच असं नाही.

मग जमीन. नुसता झाडू मारून भागत नाही. फटींमध्ये व्हॅक्यूम क्लीनरचं अरुंद तोंड घालून, शोकेस सरकवता येत असेल तर सरकवून, पट्टीमागचा सगळा कचरा ओढून घ्यावा लागतो. जानेवारीत हे करणाऱ्या माणसाचं काम कुणाला दिसत नाही. दिसतं ते एप्रिल-मे महिन्यांत. तेव्हा प्रौढ भुंगेरे परागकण शोधत उजेडाकडे निघतात आणि खिडकीच्या काचेवर येऊन बसतात. दालनातल्या खिडकीचा कठडा तेव्हा रोज सकाळी बघायचा. काही दिसलं नाही तर फटी नीट साफ झाल्या होत्या. तीन मिलिमीटरचा, चट्ट्यापट्ट्यांचा एखादा कण उलटा पडून पाय हलवत असेल, तर त्याची कात टाकलेली कातडी कोणत्या गालिच्याखाली आहे, ते शोधायला त्याच दिवशी गुडघ्यांवर बसायचं.